गाडीतला रेडिओ खरखरतोय? सेट बदलण्याआधी अँटेनाची केबल तपासा

सातारा : गाडी चालवताना मोबाइल हातात घेता येत नाही. त्यामुळे हवामान आणि बाजारभाव ऐकायला पिकअप, टेम्पोवाल्यांना आजही आकाशवाणीचाच आधार असतो. पण रेडिओ खरखरायला लागला की बहुतेक जण सरळ नवा सेट बसवतात. खर्च होतो आणि खरखर तशीच राहते. कारण बऱ्याचदा दोष सेटमध्ये नसतो, तर अँटेनापासून सेटपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये असतो.

आधी जागा बघा

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. त्यामुळे खंबाटकी किंवा पसरणी घाटात आवाज तुटला तर तो केबलचा दोष नव्हे. गाडी मोकळ्या मैदानात, विजेच्या तारांपासून लांब उभी करा. मोबाइलचा चार्जर आणि बाहेरून बसवलेले एलईडी दिवे बंद करा. तरीही खरखर असेल तरच पुढे जा.

७३ सेंटिमीटर वायरची युक्ती

सेटच्या मागचा अँटेनाचा प्लग काढा. साध्या वायरचा ७३ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक टोक सोलून सॉकेटच्या मधल्या छिद्रात घाला आणि वायर खिडकीबाहेर सोडा. सातारा आकाशवाणीच्या १०३.१ मेगाहर्ट्झ लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा साधारण एवढाच भरतो. आवाज स्वच्छ आला तर सेट चांगला आहे, दोष केबलमध्ये किंवा अँटेनात आहे. खरखर तशीच राहिली तर सेट दाखवून घ्या. नव्या गाड्यांत प्लग वेगळ्या प्रकारचा असतो, तिथे वायर कोंबू नका.

मीटरने तीन तपासण्या

रेडिओ बंद करा, प्लग सेटमधून बाहेरच ठेवा आणि मल्टिमीटर बीपवर लावा.

१. प्लगची मधली पिन ते टपावरची दांडी : बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर आतली तार तुटलेली आहे. केबल हलवताना बीप येत-जात असेल तर जोड सैल आहे.

२. प्लगचे बाहेरचे कडे ते गाडीची बॉडी : इथेही बीप हवा. नसेल तर अँटेनाच्या बुडाशी गंज चढलेला असतो किंवा केबलची जाळी तुटलेली असते.

३. मधली पिन ते बाहेरचे कडे : इथे बीप वाजता कामा नये. वाजला तर केबल कुठेतरी चेपून शॉर्ट झालेली आहे.

इथे फसू नका

आखूड किंवा माशाच्या पंखासारख्या अँटेनात बऱ्याचदा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. तिथे वरची मापे लागू पडत नाहीत. अशा अँटेनाला रेडिओ चालू असताना १२ व्होल्ट मिळतात का, ते बघावे. नवा सेट बसवताना ही वायर जोडायची राहून जाते आणि रेडिओ त्याच दिवसापासून खरखरतो.

मीटर ठीक दाखवतो म्हणून केबल शंभर टक्के चांगली, असेही नाही. पावसाचे पाणी आत मुरले की तार अखंड असूनही लहर क्षीण होते. प्लग किंवा बुडाचे तांबे हिरवट पडले असेल तर दुसरी केबल तात्पुरती जोडून बघा. फरक पडला तर केबलच बदला, सेटला हात लावायची गरज नाही.