थरथर गाडीची, दुखणं रबराचं

"जुनी गाडी आहे, थरथरणारच! म्हातारपणी माणूस थरथरतं, ही तर गाडी." ज्या घरासमोर जुनी ओम्नी उभी असते, तिथं हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक घरातले पुरुष आणि ऐकून गप्प बसणाऱ्या आपण. कारण गाडीतलं आपल्याला काय कळतं! पण मैत्रिणींनो, थरथर कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन जी बसते, तिला ती सगळ्यांच्या आधी कळते.

आपल्या बीड जिल्ह्यात ओम्नीला अजून मरण नाही. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये कंपनीनं ती बनवणं बंद केलं. तरी 'एमएच २३' आणि अंबाजोगाईकडच्या 'एमएच ४४' नंबरच्या ओम्नी आठवडी बाजारापासून लग्नाच्या मांडवापर्यंत दिसतातच. अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गल्लीतली तीच धावते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यायची. हा सगळा व्याप करूनही लोक ती ठेवतात, कारण नवी घ्यायची ऐपत कुठंय?

बचत गटाच्या कामानिमित्त केज तालुक्यातल्या एका बाईंकडे माझं जाणं-येणं असतं. पापड-शेवयांची पोती ओम्नीत घालून त्या बाजाराला नेतात. गाडी स्वतः चालवतात. त्यांचं गाऱ्हाणं असं, "ताई, गिअरच्या दांड्याला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या यायल्यात. क्लच सोडला की खालून कुणी धोंडा मारल्यावाणी आवाज होतोय. आन् हे म्हणतेत, इकून टाकू." गाडी विकली की बाजार बंद. आणि बाजार बंद म्हणजे त्यांच्या हातात येणारा पैसा बंद. अशी धडधडणारी गाडी भंगाराच्या भावात मागतात, ते वेगळंच. दुखणं निघालं फाउंडेशनच्या रबरांचं, काही शे रुपयांचं!

फाउंडेशन म्हणजे काय? आपला मिक्सर आठवा. खालचे रबरी पाय झिजले की मिक्सर ओट्यावर नाचतो, शेजारची वाटी वाजायला लागते. इंजिनाचंही तेच. इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं, मधे लोखंडात बसवलेले जाड रबराचे ठोकळे असतात. गॅरेजवाले त्यांनाच फाउंडेशन म्हणतात. ओम्नीत इंजिनाच्या दोन बाजूंना एकेक आणि मागे गिअरबॉक्सला आधार देणारं एक. एके काळी इंजिनं सरळ सांगाड्यालाच बोल्टनं आवळायचे. अमेरिकेत १९३१ साली क्रायस्लर कंपनीनं आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं आणि त्याची केवढी जाहिरात केली! ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच चारपेक्षा जास्त हलतं. म्हणून ही रबरं गेली की ती लगेच बोंबलते.

रबर जातं कशानं? वयानं, उन्हाच्या तापानं, आणि सगळ्यात जास्त तेलानं. इंजिनाचं तेल झिरपून रबरावर पडत राहिलं की ते फुगतं, मऊ पडतं, लोखंडापासून सुटतं. त्यामुळे गळती आधी थांबवा. नाहीतर नवं रबरही त्याच वाटेनं जाईल. दुर्लक्ष केलं तर इंजिन खाली बसतं, सायलेन्सरचा पाइप तडकतो, पाण्याच्या नळ्या नि केबली ताणल्या जातात. शंभराचं काम मग हजारात जातं.

आता ओळखायचं कसं? आधी आवाज ऐका. इंजिन चालू असताना आवाजच तुटक, अडखळत येत असेल तर प्लग वगैरेचा दोष असू शकतो, तो आधी बघा. आवाज एकसारखा आणि तरी सीट, आरसा, गिअरचा दांडा थरथरतोय, तर संशय फाउंडेशनवर. मग पुढची सीट उचलायची, खाली इंजिन दिसतं. गाडी चालवता येणारीनं हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. दुसरीनं बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढं किंवा मागं अजिबात नाही. इंजिन थोडं हलणारच, पण ते उसळी मारून आपटत असेल तर रबर गेलं म्हणून समजा.

त्या बाईंनी हे काम घरच्याच अंगणात करायचं ठरवलं. ट्रॅक्टर दुरुस्तीचा हात असलेला भाचा होता, मुलगा होता, आणि देखरेख बाईंची! आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं. सकाळी गार इंजिनावर काम सुरू. बॅटरीची वजा खुणेची तार आधी काढली. पदर खोचलेला, केस बांधलेले, हातातल्या बांगड्या काढून ठेवलेल्या. बॅटरीजवळ धातूची बांगडी टेकली तर ठिणगी उडते, भाजतं.

इथं मला जरा कडक बोलू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही, अगदी कुणालाही, जाऊ देऊ नका. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणत माणसं आत सरकतात. जॅक निसटतो, मातीत रुततो. विटा आणि सिमेंटचे ठोकळे रचून आधार देतात, ते वजनानं फुटतात. जमीन सपाट आणि टणक हवी, चाकांना ओंडके लावलेले हवेत, आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवून, हलवून बघितल्याशिवाय खाली जायचं नाही. स्टँड नसतील तर गॅरेजमधून मागून आणा, नाही मिळाले तर काम गॅरेजलाच द्या. गाडीला गॅस किट असेल तरीही गॅरेजच. त्या नळ्यांशी घरी खेळ नको.

पुढचं काम सोपं, पण घाईचं नाही. इंजिनाच्या खालच्या तेलाच्या चेंबरला लाकडाची फळी लावून दुसऱ्या जॅकनं इंजिन अगदी थोडं उचलायचं. रबरावरचा भार निघाला की बस. फळी नसेल तर चेंबर चेपतं. जॅक तेल सोडायच्या बोल्टवर येता कामा नये. एका वेळी एकच फाउंडेशन सोडायचं, तिन्ही एकदम सोडली तर इंजिन सरकतं आणि भोकं जुळवता जुळवता जीव मेटाकुटीला येतो. भाच्यानं गोटी पाना लावून एक बाजू काढली, तर रबर दोन तुकड्यांत हातात आलं! गिअरबॉक्सच्या वेळी जॅक तसाच फळीसकट गिअरबॉक्सखाली गेला. नवे बोल्ट आधी हातानं फिरवून बसवायचे, भार खाली सोडायचा, इंजिन आपल्या जागी बसलं की मगच पक्के आवळायचे.

नवं रबर घेताना जुनं सोबत न्या, भोकं नि उंची ताडून बघा. फार कडक, स्वस्तातलं रबर बसवलं तर थरथर जशीच्या तशी राहते. टायरचा तुकडा कापून बसवायचा जुगाडही काही जण सुचवतात, त्यांचं ऐकू नका.

मारुती ८०० असेल तर इंजिन पुढे, बॉनेटखाली आडवं असतं. फाउंडेशनची रचना वेगळी, पण नियम तेच.

दुपारपर्यंत तिन्ही बसली. बाईंनी चावी फिरवली, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि मालकांना हाक मारली, "या, बसा शेजारी. आता इका म्हणा!" येत्या बाजाराला गाडी गेली. दोन आठवड्यांनी भाच्यानं सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासले, एक जरासा सैल निघाला, तो आवळला.