दोन सेकंदांची स्थिरता

जिम्नॅस्टिक्समध्ये टाळ्या पडतात त्या बहुधा कोलांट्यांना. रिंग्जवर मात्र सर्वांत कठीण क्षण तो, ज्यात काहीच घडताना दिसत नाही. “हा नुसता लटकला तर आहे!” असे माझे काही मित्र म्हणतात. त्यांच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर, परस्परांपासून ५० सेंटिमीटर अंतरावर दोन रिंग्ज टांगलेल्या असतात. डबलबार निदान जागचा हलत नाही. रिंग्ज चहूकडे पळू पाहतात. म्हणजे शरीर तर तोलायचेच, शिवाय आधारही आपणच स्थिर ठेवायचा. ‘क्रॉस’मध्ये शरीर उभे आणि दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे, ताठ. ‘माल्टीज’मध्ये तर सारे शरीरच रिंग्जच्या पातळीत, जमिनीला समांतर, तोंड खाली. अशी स्थिती निदान दोन सेकंद टिकवावी लागते. कोपर वाकले की गुण कापले जातात.

हे अवघड का, याचे उत्तर तरफेत आहे. क्रॉसमध्ये ६० किलो वजनाच्या खेळाडूच्या प्रत्येक हातावर ३० किलोंचा भार येतो, तोही खांद्यापासून सुमारे ५५ सेंटिमीटर दूर. तो पेलणारे छातीचे व पाठीचे स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतात. ते अंतर पाच सेंटिमीटर धरले, तर भार अकरा पट होतो. म्हणजे एकेका खांद्यापाशी सुमारे ३३० किलोंचा ओढा! आखूड हातांचे, ठेंगणे खेळाडू येथे का चमकतात, हे यावरून कळेल. पदार्थविज्ञानाच्या व्याख्येप्रमाणे विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य; स्नायू मात्र तो ताण टिकवण्यासाठी सतत शक्ती खर्चत असतो.

स्नायू लवकर बळावतो. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा सावकाश. म्हणून ही विद्या वर्षांच्या हिशेबाने शिकावी लागते. सोव्हिएत संघाच्या अल्बर्ट अझारियनने १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकमध्ये रिंग्जचे सुवर्णपदक मिळवले, त्यामागे अशीच तपश्चर्या होती. पण तपश्चर्येनेही धोका टळत नाही. १९९६ चा सुवर्णविजेता, इटलीचा युरी केकी, याच्या दंडाची कंडरा २००० साली तुटली. तरीही २००४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्याने अथेन्सला कांस्यपदक मिळवले. मला त्याच्या सुवर्णापेक्षा हे कांस्य मोठे वाटते. एकदा तुटलेल्या दंडावर पुन्हा सारे शरीर तोलायचे, आणि तेही कोपर न वाकवता, हे ताकदीइतकेच विश्वासाचे काम आहे.