बटण आपले, गोष्ट कोणाची?

प्रेक्षकांनी कथेचा पुढचा भाग ठरवायचा, असा जगातील पहिला चित्रपट म्हणून १९६७ सालचा 'किनोऑटोमॅट' ओळखला जातो. कॅनडातील माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात, रादूझ चिन्चेरा यांनी तो सादर केला. खुर्च्या १२७, प्रत्येकीला एक हिरवे व एक तांबडे बटण. ऐन प्रसंगी चित्र थांबे आणि सूत्रधार रंगमंचावर येऊन विचारी : दाराबाहेर टॉवेल गुंडाळलेली शेजारीण अडकली आहे, नोवाक महाशयांनी तिला घरात घ्यावे की नाही? मते मोजली जात आणि बहुमताचा प्रसंग पुढे दिसे.

आता यातली मेख पाहा. प्रत्येक मतदानाला खरोखरच दोन वाटा फुटत गेल्या, तर दहा मतदानांनंतर १०२४ वाटा होतात. एवढे चित्रण करणार कोण? म्हणून दोन प्रक्षेपक बरोबरीने चालत. हरलेल्या बाजूचे भिंग झाकले जाई. दोन्ही वाटा पुढच्या मतदानापाशी पुन्हा एकत्र येत. इमारतीला लागलेली आग आरंभीच दाखविलेली असे. कोणतेही बटण दाबा, ती टळत नसे.

कामगारांच्या सभांत वर झालेले हात मी बरीच वर्षे मोजले आहेत. मत विचारले, एवढ्याने सत्ता हाती येत नाही. प्रश्न कोणी मांडला आणि निकालाने पुढे काय बदलले, हे पाहावे लागते. आजच्या बटणांच्या कथांना आणि खेळांनाही हीच कसोटी लावावी.