पिशवीची भीती आणि विषाणूचा डीएनए

जैवतंत्रज्ञानाने वैद्यकाला काय दिले, या प्रश्नाचे उत्तर सहसा औषधांची नावे सांगून दिले जाते. मानवी जनुक जिवाणूत बसवून तयार केलेले आणि १९८२ मध्ये वापराला मान्यता मिळालेले इन्सुलिन, यीस्टच्या पेशींकडून करवून घेतलेली ‘हेपटायटिस बी’ काविळीची लस आणि कर्करोगाच्या पेशी हेरणारी प्रतिपिंडे ही नावे त्यात हमखास येतात. निदानाच्या चाचण्यांचा उल्लेख झालाच तर शेवटी होतो. वास्तविक औषध द्यावे की न द्यावे, शस्त्रक्रिया करावी की टाळावी, हे चाचणीवरच ठरत असल्यामुळे तिचे मोल औषधाहून कमी नाही. चाचणीवाचून केलेल्या शस्त्रक्रियांची किंमत बीड जिल्ह्यातील हजारो स्त्रियांनी मोजली आहे. आणि त्या शस्त्रक्रियांमागे जी भीती होती तिचे उत्तर देऊ शकणारी चाचणी, मांजरेच्या पलीकडच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, जगाने दखल घ्यावी अशा रीतीने सिद्ध झालेली आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते, आणि कामाचा दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. पाचटाच्या पालांत ना शौचालय, ना पुरेसे पाणी. अशा ठिकाणी पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या गोष्टी बळावतात, आणि त्यांवर उपचार घेण्यासाठीही खाडाच करावा लागतो. गावी परतल्यावर स्त्री दवाखान्यात जाते तेव्हा तिला दोन गोष्टी हव्या असतात: दुखणे थांबावे, आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा उद्भवू नये. या अवस्थेत ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, तर ती काय निर्णय घेईल हे वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये हा विषय वृत्तपत्रांतून देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे जवळपास एक, असे हे प्रमाण आहे. त्याच वर्षी खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधन बीडमध्ये घालण्यात आले.

या शस्त्रक्रियांची कारणे अनेक होती आणि त्यांत कामाच्या सक्तीचा वाटा मोठा होता, हे खरे आहे. परंतु कर्करोगाची भीती हे त्यांतील असे कारण आहे की ज्याला विज्ञानाकडे थेट उत्तर होते. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते गोळ्या-औषधांनी बरे होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेगळ्या वाटेने येतो. ती वाट जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवली. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांनी या कर्करोगाच्या गाठींत मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, सोळावा आणि अठरावा हे दोन प्रकार ओळखले आणि या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, त्यांपैकी डझनभर धोकादायक ठरतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग वरील दोन प्रकारांमुळे होतात. लैंगिक संबंधातून होणारा हा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो, आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. म्हणून चाचणीत विषाणू सापडला तर त्यावरून कोणाच्याही चारित्र्याबद्दल काहीएक निष्कर्ष निघत नाही. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशीच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी पी-५३ आणि आरबी ही दोन प्रथिने निकामी करतात. त्यानंतर पेशी बिघडतात, परंतु त्या बिघाडाचा कर्करोग होण्यास सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एवढा प्रदीर्घ अवकाश देणारे कर्करोग थोडे आहेत. या अवकाशात बिघडलेला भाग अतिशीत उपचाराने गोठवून किंवा विजेच्या तारेच्या फासाने कापून काढता येतो, आणि गर्भाशय जागच्या जागी राहते.

हा अवकाश गाठायचा तर विषाणू कोणाच्या शरीरात आहे हे कळले पाहिजे. मराठवाड्याच्या सीमेवर त्याची पूर्वतयारी आधीपासून होत होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांतून कर्करोगाच्या रुग्णांची शोधून शोधून नोंद होऊ लागली. ज्या भागात मृत्यूचे कारणही धडपणे लिहिले जात नसे, तिथे दारोदार जाऊन बांधलेली ही नोंदणी म्हणजे भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक मोठे काम आहे, आणि महाराष्ट्राने त्याचा जितका अभिमान बाळगायला हवा तितका तो बाळगलेला नाही. याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. रेंगस्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आणि कस्तुरी जयंत ही त्यातील अग्रणी नावे होत.

गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाला विषाणूच्या डीएनएची चाचणी मिळाली. दुसऱ्या गटात गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग डोळ्यांनी पाहिले गेले, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत राहिली. चाचणी एकदाच झाली आणि पुढे आठ वर्षे पाठपुरावा झाला.

डीएनए चाचणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. डीएनए दोन धाग्यांचा असतो आणि प्रत्येक धागा आपल्या जोडीच्या धाग्यालाच बिलगतो. लहानशा ब्रशाने घेतलेल्या पेशी रसायनात फोडून डीएनएचे धागे सुटे करतात आणि त्यांत तेरा धोकादायक प्रकारांशी जुळणारे, प्रयोगशाळेत घडवलेले आरएनएचे धागे मिसळतात. नमुन्यात विषाणू असेल तरच हे धागे जोडीला जोडी मिळवतात. अशी मिश्र जोडीच ओळखणारी प्रतिपिंडे तिला धरून ठेवतात, त्यांवर विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडे बसतात, आणि विकराच्या क्रियेतून बाहेर पडणारा प्रकाश यंत्र मोजते. निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर किंवा अनुभवावर अवलंबून राहत नाही, आणि दूरच्या तालुक्यासाठी हा गुण फार मोठा आहे.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, तर डीएनए चाचणीच्या गटात ३४, बळावलेल्या अवस्थेतील कर्करोगाचे रुग्ण नेहमीच्या सेवेच्या गटात ८२ होते आणि डीएनए चाचणीच्या गटात ३९. काचपट्टी आणि ॲसेटिक आम्ल या दोन्ही पद्धतींनी मृत्यूंत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणी न देणे नैतिक होते का, यावर पुढे तीव्र टीका झाली आणि तो आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्या ६४ मृत्यूंमुळेच तर हे ज्ञान जगाचे झाले. मात्र याच अभ्यासातील दुसरा एक आकडा अधिक महत्त्वाचा मानायला हवा. चाचणीत विषाणू न सापडलेल्या २४,३८० स्त्रियांपैकी पुढील आठ वर्षांत केवळ ८ जणींना हा कर्करोग झाला.

बीडच्या प्रश्नाला हा आकडा थेट भिडतो. ज्या स्त्रीला कर्करोगाची भीती घातली जाते, तिला एका साध्या चाचणीने पुढील अनेक वर्षांसाठी ‘या विषाणूचा धोका सध्या नाही’ असे भरवशाने सांगता येते, आणि अभ्यासात चाचणी झालेल्यांपैकी विषाणू सापडला तो सुमारे १० टक्के स्त्रियांतच. उरलेल्या नव्वद टक्क्यांना निदान या भीतीपोटी तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याचे कारण उरत नाही. शिवाय ही चाचणी स्थलांतराच्या वेळापत्रकात बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिलाच प्राथमिक चाचणी म्हणून पसंती दिली आणि तिशीनंतर पाच ते दहा वर्षांच्या अंतराने ती पुरेशी ठरवली. जी स्त्री वर्षातील सहा महिने गावात नसते, तिच्यासाठी वारंवार कराव्या लागणाऱ्या तपासणीपेक्षा पावसाळ्यातली एक चाचणी कितीतरी सोयीची आहे. नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे संकोचाची अडचण कमी होते. गोव्याच्या मोल्बायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र क्षयाच्या निदानासाठी सरकारी आरोग्यसेवेत रुळले आहे, आणि एचपीव्हीचे प्रमुख धोकादायक प्रकार ओळखणारी चाचणीही त्या यंत्रावर करता येते.

प्रतिबंधाची दुसरी बाजू लसीची, आणि तिथेही बार्शीचा हातभार आहे. विषाणूच्या बाह्य कवचाचे एल-१ हे प्रथिन घडवणारे जनुक यीस्टमध्ये बसवले की त्या प्रथिनाचे रेणू आपोआप एकत्र येऊन दाणे नसलेल्या शेंगेसारखे पोकळ कवच तयार करतात. आत विषाणूचा डीएनए नसल्यामुळे त्यापासून संसर्ग होत नाही, परंतु शरीर ते कवच ओळखायला शिकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही याच तत्त्वावरची भारतीय लस. त्याआधी २००९ मध्ये भारतात बार्शी, पुणे, मुंबईसह अनेक केंद्रांवर मुलींना परदेशी बनावटीच्या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला होता. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद उठल्याने २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, आणि २०२१ मध्ये असे दिसून आले की एका डोसनेही सोळाव्या व अठराव्या प्रकाराच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्याला या भारतीय मुलींच्या नोंदींचा मोठा आधार होता. शाळेत शिकणारी मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली की दुसरा डोस चुकतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निष्कर्षाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

चाचणी आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. विषाणू सापडणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे, आणि हे नीट समजावून न सांगता चाचणी वापरली गेली, तर जी भीती पूर्वी नुसत्या बोलण्यातून घातली जात होती ती आता छापील अहवालासह घातली जाईल. म्हणून विषाणू सापडलेल्या स्त्रीची दुर्बिणीतून पुढील तपासणी आणि लागल्यास उपचार टोळी निघण्याआधी, म्हणजे दसऱ्यापूर्वी, पूर्ण व्हायला हवेत, आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था बीड जिल्ह्यात असताना ते अशक्यही नाही. ज्यांचे गर्भाशय आधीच काढले गेले आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख राखले असेल तर या कर्करोगाचा धोका अजूनही शिल्लक आहे आणि त्यांनाही चाचणीची गरज आहे. बीजकोशही काढले असतील तर हाडे लवकर ठिसूळ होण्याची तपासणी आणि उपचार त्यांना मिळायला हवेत. कोणाच्या बाबतीत नेमके काय झाले, हे शस्त्रक्रियेचे कागद आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा अहवाल पाहिल्यावर कळते, आणि हे दोन्ही कागद मागून घेण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे.