वृद्ध गिनीपिगचे दयामरण : निर्णय केव्हा व कसा घ्यावा

प्राणी पाळणे म्हणजे केवळ त्यास चारापाणी देणे नव्हे. त्याच्या अखेरच्या दिवसांची जबाबदारीही पालकावरच असते. बैल, गाय, म्हैस यांच्या बाबतीत ही जाणीव ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. थकलेल्या बैलाला दावणीवरून न काढता त्याची अखेरपर्यंत सेवा करणारी कुटुंबे आजही आढळतात. मात्र अलीकडे मुलांच्या हौसेखातर घरोघरी जे लहान प्राणी आले आहेत, त्यांच्या वार्धक्याविषयी असे पारंपरिक ज्ञान उपलब्ध नाही. गिनीपिग हा त्यांपैकी एक होय.

धार जिल्ह्यातील बाग हे गाव प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी आणि लाकडी ठशांच्या कापडछपाईसाठी सर्वदूर ज्ञात आहे. शिंदे व पवार यांच्या संस्थानांमुळे या मुलखाशी मराठी कुटुंबांचा संबंध जुना आहे. अशा ठिकाणी गुराढोरांचे व शेळ्यांचे आजार ओळखणारी जाणती माणसे पुष्कळ भेटतात. गिनीपिगचा आजार ओळखणारा क्वचितच भेटतो. महाराष्ट्रातील लहान गावांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही. त्यामुळे प्राणी म्हातारा होऊन खंगू लागला की पालकांकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. काही जण बरा होण्याजोगा आजार वार्धक्याच्या खाती टाकून प्राण्याची आशा लवकर सोडतात. काही जण ममतेपोटी निर्णय लांबणीवर टाकतात आणि प्राण्यास अनेक दिवस निष्फळ वेदना सोसाव्या लागतात. या दोन्ही चुका टाळणे हेच योग्य निर्णयाचे सार आहे.

प्राण्याची ओळख

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातील. शास्त्रज्ञांनी त्याचा प्रयोगशाळेत फार उपयोग केला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्या संशोधनात गिनीपिगचा मोठा वाटा होता. घरी पाळलेला गिनीपिग साधारणतः पाच ते आठ वर्षे जगतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन सामान्यपणे ७०० ते १,२०० ग्रॅम असते. पाचव्या वर्षानंतर त्यास वृद्ध समजण्यास हरकत नाही.

त्याच्या शरीराची दोन वैशिष्ट्ये पालकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिले, त्याचे दात जन्मभर वाढत राहतात व ते झिजण्यासाठी त्यास वाळलेले गवत सतत लागते. दुसरे, मनुष्याप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोजच्या आहारातून मिळावे लागते. होल्स्ट व फ्रोलिश या नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले की, ताजा हिरवा आहार न मिळाल्यास या प्राण्यास स्कर्व्ही हा रोग होतो.

वार्धक्य की व्याधी?

या शेवटच्या गोष्टीस व्यवहारात फार महत्त्व आहे. स्कर्व्ही झालेला गिनीपिग चालण्याचे टाळतो, त्याचे सांधे सुजतात, केस रूक्ष होतात, वजन घटते व हिरड्यांतून रक्त येते. पाहणाऱ्यास वाटते की, प्राणी म्हातारा झाला व आता त्याचे दिवस भरले. प्रत्यक्षात योग्य मात्रेत क जीवनसत्त्व मिळाल्यास अनेक प्राणी थोड्याच दिवसांत सावरतात. निरोगी प्राण्यास वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १० ते २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. आजारात ते अधिक लागते. पेरूची लहान फोड, ढोबळी मिरचीचा तुकडा किंवा आवळ्याची बारीक चकती यांतून ही गरज सहज भागते.

दातांचेही तसेच आहे. दाढा वाकड्या वाढल्या तर त्या जिभेस व गालास टोचतात. भूक असूनही प्राण्यास खाता येत नाही. तो अन्नापाशी येतो, तोंड लावतो व मागे सरतो. अशा प्राण्याच्या दाढा पशुवैद्यकाकडून घासून घेतल्यास तो पुन्हा खाऊ लागण्याची शक्यता असते. उवा व खरूज, तळपायाचे व्रण, मूतखडा, श्वसनाचा संसर्ग यांवरही वेळीच उपाय करता येतो. म्हणून “वय झाले” हे निदान नव्हे, हे पालकाने प्रथम मनाशी पक्के करावे. तपासणीपूर्वी दयामरणाचा विचार करू नये.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. घरात असलेली माणसांची औषधे या प्राण्यास परस्पर देऊ नयेत. पेनिसिलिन व ॲमॉक्सिसिलिन ही औषधे पोटात गेल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होतात आणि प्राणी दगावू शकतो.

वेदना कशी ओळखावी?

गिनीपिग हा निसर्गात इतर प्राण्यांचे भक्ष्य असतो. दुबळेपणा उघड करणे त्यास परवडत नाही. म्हणून तो वेदना लपवितो. वेदनेची खूण त्याच्या ओरडण्यात शोधू नये. पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसून राहणे, केस पिंजारलेले असणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकरणे, अंग स्वच्छ करणे सोडून देणे, उचलताना अंग आखडणे ही वेदनेची लक्षणे होत. भाजी चिरण्याचा आवाज ऐकून शिटी घालणारा प्राणी एकाएकी गप्प झाला, तर तीही महत्त्वाची सूचना समजावी.

त्याने खाणे पूर्ण थांबविले तर एक दिवसही वाट पाहू नये. या प्राण्याची पचनसंस्था सतत चालू राहावी लागते. ती थांबली की प्रकृती वेगाने खालावते. लेंड्या कमी होणे किंवा बंद होणे हे त्याचे लक्षण आहे.

साध्या वहीचा उपयोग

मनुष्याची आठवण त्याच्या आशेप्रमाणे बदलते. लिहून ठेवलेला आकडा बदलत नाही. म्हणून वृद्ध गिनीपिगचे वजन आठवड्यातून एकदा आणि आजारात रोज, शक्यतो एकाच वेळी करावे. स्वयंपाकघरातील लहान तराजू त्यासाठी पुरेसा आहे. एक किलो वजनाचा प्राणी ९०० ग्रॅमवर आला, तर एक दशांश वजन गेले असे समजून त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. वजनाबरोबर चार गोष्टींची नोंद करावी: स्वतःहून किती खाल्ले, लेंड्या व लघवी कशी होती, चालणे-फिरणे कसे होते आणि एकंदर दिवस बरा गेला की वाईट.

दोन आठवड्यांची अशी नोंद समोर ठेवली असता पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. वाईट दिवसांची संख्या बऱ्या दिवसांहून सतत अधिक राहत असेल, वेदनाशामक औषध देऊनही लक्षणे कायम असतील, हाताने भरविल्याखेरीज प्राणी खात नसेल आणि पशुवैद्यकाच्या मते आजार बरा होणारा नसेल, तर निर्णयाची वेळ आली आहे असे मानावे. श्वास घेण्यास धाप लागणे, उठता न आल्यामुळे स्वतःच्या लघवीत पडून राहणे, असाध्य गाठीमुळे खाणे थांबणे या अवस्थांत तर विलंब करू नये. कोणती अवस्था आल्यास पुढे वाट पाहावयाची नाही, हे प्राणी बऱ्या स्थितीत असतानाच कुटुंबाने पशुवैद्यकाशी बोलून ठरवून ठेवावे. ऐनवेळी मन स्थिर राहत नाही.

साबरमतीचे वासरू

हा प्रश्न नवा नाही. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक जखमी वासरू असह्य वेदनेने तळमळत पडले होते. उपचार झाले, परंतु वैद्याने आशा सोडली. कूस बदलणेही त्यास शक्य नव्हते. आश्रमवासीयांत मतभेद होते. जे आपण देऊ शकत नाही ते हिरावून घेण्याचा अधिकार आपणास नाही, असा एक पक्ष होता. गांधीजींनी सर्वांचे ऐकून घेतले व अखेर आपल्या समक्ष डॉक्टरकरवी इंजेक्शन देववून त्या वासरास वेदनेतून मुक्त केले. ‘नवजीवन’ पत्रात त्यांनी ही हकीकत स्वतः प्रसिद्ध केली. त्यावर देशभरातून संतप्त पत्रे आली.

त्या वादात गांधीजींनी आपली कसोटी स्पष्ट केली. रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणत्याही सेवेने दुःख हलके करणे शक्य नसावे आणि रुग्णास आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्यात, यावर त्यांचा भर होता. पालकाची गैरसोय, खर्च किंवा कंटाळा यांस या कसोटीत स्थान नाही. दुसऱ्या बाजूस, नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सेवा करावी ही श्रद्धा आपल्याकडे जुनी व आदरणीय आहे. १८३४ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा पांजरापोळ हे तिचेच फलित होय. ज्या कुटुंबास दयामरण मान्य नसेल, त्याने वेदनाशामक औषध, ऊब, कोरडे अंथरूण व हाताने भरविणे यांत कसूर करू नये. सेवा न करता केवळ मृत्यूची वाट पाहणे हा मार्ग मात्र कोणत्याही श्रद्धेस धरून नाही.

कायदा व कार्यपद्धती

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम केंद्रीय असून तो महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात सारखाच लागू आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्यास अनावश्यक क्रूर रीतीने मारणे, त्याचप्रमाणे उपासमार होईल अशा स्थितीत त्यास विनाकारण सोडून देणे हा अपराध आहे. प्राणी जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशी अवस्था असू शकते, हे तत्त्व कलम १३ मध्ये मान्य केलेले आहे. गोवंशासंबंधी मात्र राज्यांचे स्वतंत्र कायदे असल्याने येथील विवेचन त्यास लागू समजू नये.

पाण्यात बुडविणे, विष घालणे, गोठविणे, रानात सोडणे हे उपाय क्रूर असून ते सर्वथा वर्ज्य होत. दयामरणाचे काम केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे. प्रथम प्राण्यास गुंगीचे औषध देतात. तो निद्राधीन झाल्यावर दुसऱ्या औषधाने हृदय व श्वास थांबतात. नीट गुंगी आलेल्या प्राण्यास पुढचे काही जाणवत नाही. पालकाने आधी शंका विचारून घ्याव्यात व इच्छा असल्यास जवळ थांबावे.

गावी या प्राण्याची माहिती असलेला पशुवैद्यक नसल्यास नजीकच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. बागसारख्या ठिकाणाहून महू येथील १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल; महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. प्रवास करावयाचा झाल्यास उन्हाची वेळ टाळावी, कारण ३० अंशांवरील उष्णता या प्राण्यास घातक ठरू शकते.

मृत शरीर विहीर व ओढा यांपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे. ते उघड्यावर टाकू नये. दयामरणाच्या औषधाचा अंश शरीरात राहतो व ते खाणारे कुत्रे वा पक्षी दगावू शकतात.

मुले आणि शिक्षक

बहुधा मुलाच्याच आग्रहाने हा प्राणी घरी आलेला असतो. त्याच्यापासून खरी गोष्ट लपवू नये. “तो झोपी गेला” किंवा “तो पळून गेला” असे सांगितल्याने लहान मूल झोपेस भिऊ लागते किंवा व्यर्थ शोध घेत राहते. प्राणी बरा होणार नाही, त्यास दुखत आहे आणि डॉक्टर त्याचे दुखणे थांबविणार आहेत, असे सोप्या शब्दांत सांगावे. वजनाची वही मुलाच्या हाती दिल्यास निर्णय कोणत्या आधारावर झाला हे त्यास समजते. शिक्षकांनाही क जीवनसत्त्वाचा पाठ शिकविताना या प्राण्याचे उदाहरण घेऊन निरीक्षण, नोंद व भूतदया यांची सांगड घालता येईल.

सारांश, आधी तपासणी, मग उपचार, उपचाराबरोबर नोंद आणि नोंदीच्या आधारे निर्णय, हा क्रम पाळावा. जो प्राणी आपले दुःख सांगू शकत नाही, त्याच्या वतीने विचार करण्याचे कर्तव्य पालकावर येते. ते घाईने उरकू नये आणि वेळ आल्यावर टाळूही नये.