पेपरच्या सकाळी पोट का बिघडतं? मेंदू आणि पोटाचं नातं समजून घेऊया

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतच्या शिवारात द्राक्षकाढणीची धांदल असते आणि घराघरांत दहावी-बारावीच्या पेपरची. याच दिवसांत अनेक घरांमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. पेपरला निघायच्या अर्धा तास आधी मुलगी म्हणते, "अम्मी, पोटात कळ येतेय." दोनदा टॉयलेटला जाऊन येते. नाश्ता तसाच ताटात राहतो. मग घरातलं कुणीतरी बोलतं, "अभ्यास झाला नाही, म्हणून बहाणे चाललेत."

पण हा बहाणा नसतो. तिचं पोट खरंच दुखत असतं आणि त्याला शरीरातलं सरळ कारण आहे.

पोटाचीही स्वतःची मज्जासंस्था

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतींमध्ये मज्जापेशींचं मोठं जाळं पसरलेलं आहे. या पेशींची संख्या १० कोटींहून जास्त मानली जाते. म्हणूनच काही शास्त्रज्ञ पोटाला 'दुसरा मेंदू' म्हणतात. हा दुसरा मेंदू गणितं सोडवत नाही, पण अन्न पुढे ढकलणं, पाचकरस सोडणं ही कामं बरीचशी स्वतःच सांभाळतो. डोक्यातला मेंदू आणि पोट यांना जोडणारी मुख्य तार म्हणजे व्हेगस नावाची नस. विशेष म्हणजे या नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात.

परीक्षेची भीती वाटली की मेंदू शरीराला 'धोका आहे' असा इशारा देतो. अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसोल ही तणावाची संप्रेरकं वाढतात. जठरातून अन्न पुढे सरकणं मंदावतं, म्हणून मळमळतं, घास गिळवत नाही. त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून सारखं टॉयलेटला जावंसं वाटतं. काहींना उलट बद्धकोष्ठ होतो. पोट बिघडलं की तिकडून मेंदूला पुन्हा अस्वस्थतेचा निरोप जातो आणि भीती आणखी वाढते.

आतड्यातले जिवाणू काय करतात?

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणाऱ्या तंतूंवर, म्हणजे भाकरी, डाळी, भाज्या, फळं यांतल्या चोथ्यावर, ते जगतात. त्यातून तयार होणारे पदार्थ आतड्याचं अस्तर निरोगी ठेवतात. २००४ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी जिवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केला. तणाव दिल्यावर या उंदरांमध्ये तणावाची संप्रेरकं सामान्य उंदरांपेक्षा जास्त वाढली. माणसांबाबतचं संशोधन अजून चालू आहे.

त्यामुळे 'मेंदू तल्लख करणाऱ्या' महागड्या टॉनिकच्या जाहिरातींना भुलू नका. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं हे खरं. पण ते रक्तातून थेट मेंदूत जात नाही. म्हणून एखादी पावडर खाल्ली आणि मूड सुधारला, इतकं हे सोपं नाही. रोजचं साधं जेवण, झोप आणि हालचाल यांचाच उपयोग होतो.

रमजान आणि परीक्षा एकत्र आल्यावर

चांद्र वर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला, तेव्हा बोर्डाचे पेपर चालू होते. २०२६ मध्येही तो परीक्षेच्या काळातच आला. अशा वेळी रोजा ठेवणाऱ्या मुलांसाठी घराने थोडं नियोजन करायला हवं.

सहेरी चुकवू नये. सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता सुरू होतो, म्हणजे सहेरीनंतर पाचेक तासांनी. नुसता चहा-पाव किंवा गोड शेवया खाल्ल्या तर तोवर भूक आणि थकवा जाणवू लागतो. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा चपाती, डाळ, अंडं, वाटीभर दही आणि एखादं फळ घेतलं तर ऊर्जा हळूहळू मिळत राहते. इफ्तारला खजूर, पाणी आणि फळं घ्यावीत. या दिवसांत आपल्याकडे ताजी द्राक्षं असतातच, ती स्वच्छ धुऊन खावीत. मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर साधं जेवण. समोसे-भजी रोज पोटभर खाल्ली की आम्लपित्त होतं आणि रात्रीचा अभ्यास आळसात जातो. पाणी एकदम न पिता इफ्तार ते सहेरी या वेळात थोडं थोडं प्यावं.

आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. मुलाची तब्येत खरोखर बिघडत असेल तर डॉक्टर आणि जाणकार आलिम, दोघांनाही विचारून निर्णय घ्यावा.

झोप कापून अभ्यास नको

दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्री दोनपर्यंत जागून पुन्हा सहेरीला उठणाऱ्या मुलाला पेपरमध्ये पाठ केलेलंही आठवत नाही. तरावीहनंतर शक्यतो लगेच झोपावं, फजरनंतरच्या शांत वेळेत अभ्यास करावा आणि दुपारी २०-३० मिनिटांची डुलकी घ्यावी.

संध्याकाळनंतरचा चहाही झोप मोडतो, कारण त्यातल्या कॅफिनचा असर पाच-सहा तासांनीही अर्धाअधिक टिकून असू शकतो. जेवणासोबतचा चहा तर टाळाच. तो अन्नातलं लोह शोषू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आहे. अशी मुलगी लवकर थकते, तिचं लक्ष लागत नाही आणि घरच्यांना ती आळशी वाटते.

न बोलली जाणारी अडचण

शाळा-क्लासमधलं टॉयलेट अस्वच्छ असतं म्हणून अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शौच रोखून धरतात. नाशिकला क्लासला ये-जा करणाऱ्यांचा तर अख्खा दिवस असा जातो. यातून बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, डोकेदुखी सुरू होते. अम्मीने मुलीला हे मोकळेपणाने विचारावं. सकाळी घरून निघण्याआधी १५ मिनिटं शांतपणे टॉयलेटसाठी राखून ठेवावीत. सलग तासन् तास बसणंही पोटाला जड जातं. नमाजच्या वेळा सांभाळल्या तर बैठक आपोआप मोडते. जेवणानंतर १० मिनिटं चाललं तरी फरक पडतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, सतत उलट्या किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. मूल गप्प गप्प राहत असेल, जेवण-झोप सुटली असेल, जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

शेवटी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. मुलांच्या ताटात दही-भाकरी वाढताना, "मामूच्या मुलाला ९० टक्के पडले, तुला किती पडणार?" हा प्रश्न सोबत वाढू नका. तो पचत नाही. पेपरच्या सकाळी पोटात दुखतंय असं मुलगी म्हणाली तर तिला जवळ बसवा, चार खोल श्वास घ्यायला सांगा, थोडी पातळ खिचडी किंवा केळं द्या, रोजा असेल तर नुसता धीर द्या. "जमेल तेवढं लिही बेटा, बाकी अल्लाह मालिक आहे," एवढं ऐकलं तरी तिची अर्धी भीती कमी होईल.