विजेचीं यंत्रें केव्हां बदलावीं?

बँकेंतील शिल्लक, रेल्वेचें तिकीट, रुग्णालयांतील तपासणीचे निकाल, सरकारी दाखले, हें सारें आतां कागदी दप्तरांत राहत नाहीं. डेटा सेंटर नांवाच्या मोठमोठ्या इमारतींतील संगणकांत तें सांठविलेलें असतें. मुंबई व नवी मुंबई हा परिसर या उद्योगाचें भारतांतील सर्वांत मोठें केंद्र होय. घरांतला दिवा दोन मिनिटें गेला तर मेणबत्ती लावून भागतें. येथें मात्र क्षणभर वीज खंडित झाली तरी हजारों संगणक एकदम बंद पडतात, आणि ते पुन्हां सुरळीत चालू होण्यास कित्येक तास लागतात. म्हणून या इमारतींना वीज पुरविणारीं यंत्रें केव्हां जुनीं झालीं असें समजावें, व तीं केव्हां बदलावीं, हा प्रश्न केवळ इंजिनीयरांचा राहिलेला नाहीं.

हा वीजपुरवठा एखाद्या साखळीसारखा असतो. बाहेरून उच्च दाबाची वीज येते, रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, तो दाब उतरवितें, स्विचगिअर ती वांटून देतें आणि बिघाड होतांच तेवढा भाग तोडतें, पुढें यू. पी. एस. नांवाचें यंत्र ती स्थिर करून संगणकांस देतें. बाहेरची वीज जातांच यू. पी. एस.ला जोडलेल्या बॅटऱ्या भार उचलतात. डिझेल जनित्र सुरू होऊन भार घेईपर्यंत साधारणतः १० ते १५ सेकंद जातात. तेवढ्या वेळाकरितां, आणि जनित्र एखादे वेळीं अडलें तर आणखी कांहीं मिनिटांकरितां, सारी भिस्त बॅटरीवर असते.

या साखळीच्या कड्या सारख्या वेगानें झिजत नाहींत, ही खरी अडचण. रोहित्र २५ ते ३० वर्षें सहज काम देतें. नीट निगा राखलेलें जनित्र २० वर्षांहून अधिक टिकतें. यू. पी. एस.चें आयुष्य १० ते १५ वर्षांचें धरतात. पण त्याच्या आंतील पंखे व कपॅसिटर त्यापूर्वींच, ५ ते ८ वर्षांत, बदलावे लागतात. बंदिस्त शिसें-आम्ल बॅटरीवर १० वर्षें असें लिहिलेलें असलें तरी प्रत्यक्षांत ती बहुधा ४ ते ६ वर्षांत थकते. सारीं यंत्रें एकाच दिवशीं बसविलीं म्हणून तीं एकाच दिवशीं बदलावीं, हा हिशेब चुकीचा ठरतो.

शिवाय वय वर्षांनींच मोजून भागत नाहीं. उष्णता हा या यंत्रांचा मोठा शत्रु आहे. शिसें-आम्ल बॅटरीचें आयुष्य सामान्यतः २५ अंश सेल्सिअस तपमान गृहीत धरून सांगितलेलें असतें. त्याहून ८ ते १० अंश अधिक उष्णतेंत ती सतत राहिली तर तें सुमारें निम्म्यावर येतें. कपॅसिटरलाही जवळजवळ हाच नियम लागू पडतो. रोहित्रांत झिजतो तो तारांच्या गुंडाळीवरील कागद. उष्णतेनें तो ठिसूळ होतो, आणि ठिसूळ झालेला कागद पुन्हां चिवट करतां येत नाहीं. म्हणून थंड खोलींत सहा वर्षें राहिलेली बॅटरी उकाड्यांत चार वर्षें काढलेल्या बॅटरीपेक्षां धडधाकट असूं शकते.

यास्तव जाणता व्यवस्थापक दिनदर्शिकेबरोबर मोजमापहि पाहतो. बॅटरीवर प्रत्यक्ष भार टाकून ती किती वेळ टिकते हें पाहणें, ही मुख्य परीक्षा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखालीं ती उतरली कीं तिला निरोप द्यावा असा प्रघात आहे, कारण तेथून पुढें तिची घसरण झपाट्यानें होते. तेलाच्या रोहित्रांत तेलांत विरघळलेले वायु तपासले असतां आंतील तापलेल्या जागेचा सुगावा लागतो. ढिल्या झालेल्या सांध्यांची उष्णता खास कॅमेऱ्यानें दिसते. एका मोजमापावरून फारसें कळत नाहीं; वर्षानुवर्षें ठेवलेल्या नोंदींतूनच उतार लक्षांत येतो. त्याबरोबरच, सुटे भाग अजून मिळतात काय, हेंही विचारावें लागतें. मोठें रोहित्र मागविल्यापासून हातीं येईपर्यंत अलीकडे वर्षाहूनही अधिक काळ जातो. तहान लागल्यावर विहीर खणणें येथें मुळींच परवडत नाहीं.

उलट, उत्साहाच्या भरांत सर्व कांहीं लवकर बदलणेंही हिताचें नसतें. नवें यंत्र पहिल्या कांहीं महिन्यांत बिघडण्याचा संभव त्याच्या मधल्या आयुष्यांतल्यापेक्षां अधिक असतो. आणि जुनें काढून नवें बसविण्याची घटका हीच सर्वांत नाजूक असते.

दक्षिण कोरियांतील देजॉन शहरीं हें दिसून आलें. तेथील सरकारी डेटा सेंटरच्या पांचव्या मजल्यावर यू. पी. एस.च्या लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या. त्या २०१४ मध्यें बसविलेल्या. त्यांच्या हमीचीं १० वर्षें संपलीं होतीं, आणि २०२४ च्या तपासणींत त्या बदलण्याची सूचनाही झाली होती. संगणकांच्या जवळ त्या असणें धोक्याचें म्हणून त्यांना तळघरांत हलविण्याचें काम चालू असतां २६ सप्टेंबर २०२५ रोजीं त्यांनीं पेट घेतला. आग पुरती विझण्यास सुमारें २२ तास लागले. सरकारच्या ७०९ संगणक-यंत्रणा बंद पडल्या. टपाल खात्याचे व्यवहार अडले. सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचें ८५८ टेराबाइटांचें एक भांडार समूळ गेलें, कारण त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती.

बॅटऱ्यांचें वय हेंच आगीचें कारण, असें यावरून म्हणतां येत नाहीं. बॅटऱ्या दूर नेण्याचा विचार योग्यच होता. परंतु तो अंमलांत आणणें हेंच जोखमीचें काम होतें. म्हणून बदलाच्या योजनेंत केवळ तारीख व किंमत लिहून भागत नाहीं. कोणता पुरवठा आधीं तोडावा, तो खरोखर तुटला आहे हें कोणीं पाहावें, तोपर्यंत भार कोणत्या दुसऱ्या मार्गानें जावा, आणि माहितीची प्रत दुसऱ्या गांवीं सुरक्षित आहे काय, हीं उत्तरें काम सुरू होण्यापूर्वीं कागदावर असलीं पाहिजेत. एका वेळीं एकच मार्ग उघडावा, आणि त्याची परीक्षा झाल्यावांचून दुसऱ्यास हात लावूं नये.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई व आसपासच्या मोठ्या भागाची वीज अकस्मात् गेली. कांहीं ठिकाणीं ती येण्यास कित्येक तास लागले. असा दिवस यंत्राचें वय विचारून येत नाहीं. कोंकणांतला गृहस्थ मृग लागण्यापूर्वींच छपरावर चढून कौलें चाळतो. फुटकीं तेवढीं बदलतो, धडकीं राहूं देतो, आणि हें सर्व आभाळ कोरडें असतांनाच उरकतो. विजेच्या यंत्रांचा संसार चालविणाऱ्यांनींही हाच रिवाज पाळणें इष्ट होय.